रशियन शिकताय? मग ओस्ताप बेंदेरला गाठाच

रशियनचा डिप्लोमा झाला की विद्यार्थी हमखास विचारतात, आता वाचू काय? बहुतेकांनी मनाशी टॉलस्टॉय नाहीतर दोस्तोव्हस्की धरलेला असतो. मी त्यांना ओस्ताप बेंदेर वाचायला सांगते. इल्या इल्फ आणि येव्गेनी पेत्रोव या लेखकजोडीने जन्माला घातलेला हा ठग रशियन घरांमध्ये इतका मुरलाय, की त्याची ओळख नसेल तर व्याकरण पक्कं असूनही गप्पांमध्ये आपण बाहेरचेच राहतो.

कामाला लागल्यावर हे लगेच जाणवतं. गोव्यात मोरजीला रशियन पर्यटकांच्या एका गटाबरोबर मी दुभाषी म्हणून होते. बस रखडलेली, उकाड्याने सगळे कावलेले. शेवटी गाडी हलली तसे मागच्या सीटवरचे आजोबा खणखणीत आवाजात म्हणाले, ‘बर्फ हलला, ज्युरीतल्या सभ्य गृहस्थहो!’ अख्खी बस हसली. अडलेलं काम मार्गी लागलं की ओस्ताप हेच म्हणतो. मी पुस्तक वाचलेलं होतं म्हणून मीही हसले, आणि त्यानंतर ते आजोबा माझ्याशी अगदी घरच्यासारखे बोलू लागले. दुभाषी, अनुवाद, पर्यटन, कशातही पुढे जायचं असो, ही शिदोरी जवळ हवीच.

कादंबऱ्या दोनच. ‘बारा खुर्च्या’ १९२८ साली आली, ‘सोन्याचं वासरू’ १९३१ साली मासिकातून क्रमशः आली. दोघे लेखक ओदेसाचे, पण त्यांची जोडी जमली ती मॉस्कोत, ‘गुदोक’ या रेल्वे कामगारांच्या वृत्तपत्रात. गावोगावहून येणारी कामगारांची पत्रं, तक्रारी, कचेऱ्यांचे किस्से तिथे रोज हातांखालून जायचे. माझ्या मते ओस्तापचं बळ तिथूनच आलंय.

नवख्या वाचकाने एक गोष्ट पक्की धरावी. ओस्ताप विनोद करण्यासाठी फसवत नाही, आणि निव्वळ जिभेच्या जोरावरही नाही. त्याची बहुतेक फसवणूक त्या काळातल्या कुठल्या तरी संस्थेच्या, कागदाच्या किंवा पदाच्या आधाराने उभी राहते. ती संस्था कळली की प्रसंग उलगडतो; नाही कळली तर नुसती धावपळ वाटते.

‘सोन्याचं वासरू’ची सुरुवातच बघा. ओस्ताप अर्बातोव्ह नावाच्या गावात कार्यकारी समितीच्या अध्यक्षाच्या खोलीत शिरतो आणि आपण लेफ्टनंट श्मिटचे चिरंजीव असल्याचं सांगतो. हा श्मिट खराखुरा: १९०५च्या उठावात ‘ओचाकोव्ह’ युद्धनौकेवर त्याने नेतृत्व केलं आणि १९०६मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. क्रांतीच्या हुतात्म्याच्या मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवायची कुठल्या अधिकाऱ्याची छाती होणार? ओस्ताप पन्नास रूबल मागतो. आठ रूबल आणि सहकारी भोजनालयाची तीन कुपनं मिळतात. तेवढ्यात दार उघडून दुसरा ‘चिरंजीव’ आत येतो. दोघंही पकडले जाणार, असं वाटत असतानाच ओस्ताप त्याच्या गळ्यात पडतो आणि ‘भावाला ओळखलंस का’ म्हणून विचारतो. पुढे कळतं की असे नकली वारस देशभर आहेत आणि त्यांनी सोव्हिएत संघाचे चौतीस भाग पाडून आपसात वाटून घेतलेत. हे प्रकरण आधी वाचा. भाषा सोपी, संवाद भरपूर, आणि अध्यक्षाची भीती कशातून येते ते कळलं की पुढची वाट मोकळी होते.

‘बारा खुर्च्या’ वाचण्याआधी ‘नेप’ची, म्हणजे सोव्हिएत सरकारच्या ‘नव्या आर्थिक धोरणा’ची माहिती घ्या. १९२१मध्ये लेनिनने मर्यादित खाजगी व्यापाराला परवानगी दिली; दशक संपता संपता ती सवलत गेली. कादंबरी घडते १९२७मध्ये. जुन्या सरदारवर्गातला वोरोब्यानिनोव्ह नोंदणी कचेरीत कारकुनी करतोय, त्याच्या सासूने खुर्चीत शिवून ठेवलेले हिरे शोधायला निघतो आणि ओस्ताप त्याचा भागीदार होतो. व्होल्गाकाठच्या वास्यूकीचं प्रकरण यात सर्वांत गाजलेलं. बुद्धिबळाचा गंधही नसलेला ओस्ताप ग्रँडमास्टर म्हणून उभा राहतो, एकाच वेळी १६० पटांवर खेळायची जाहिरात लावतो, प्रवेश २० कोपेक, खेळायचे ५०. हे मोठ्याने वाचा. त्याच्या भाषणांची लय नुसत्या डोळ्यांनी वाचून हाती लागत नाही.

मला स्वतःला दुसरी कादंबरी जास्त मोलाची वाटते, ती कोरेइकोमुळे. महिना ४६ रूबल पगार घेणारा हा साधासुधा कारकून गुपचूप कोट्यधीश आहे आणि ते पैसे सूटकेसमध्ये लपवून फिरतोय. ओस्ताप त्याची फाइल तयार करतो, रीतसर, पुराव्यांसकट, आणि तिच्या बदल्यात दहा लाख घेतो. खरी कादंबरी त्यानंतर सुरू होते. हॉटेलातल्या खोल्या शिष्टमंडळांसाठी राखीव. काय हवं ते मिळायला पैसा पुरेसा नाही, कुठल्या तरी संस्थेचा सदस्य असावं लागतं. आयुष्यभर ज्या कागदांच्या आधाराने त्याने लोकांना लुबाडलं, तेच कागद नसल्यामुळे तो श्रीमंत होऊनही दारोदार हिंडतो. रेल्वेच्या डब्यात उत्साही विद्यार्थ्यांमध्ये बसलेला ओस्ताप वाचताना मला आजही गलबलतं. शेवटी रुमानियाच्या सीमेवर पहारेकरी त्याचं उरलंसुरलं लुटतात आणि तो मागे परततो. परीक्षेच्या उत्तरात ‘विनोदी पात्र’ एवढंच लिहून थांबू नका, हे प्रकरण जरूर मांडा.

सिनेमे आहेत: गायदाईचा १९७१चा आणि झाखारोव्हचा १९७६चा, आंद्रेई मिरोनोव्हच्या ओस्तापसह. दोन्ही उत्तम, पण पुस्तक संपल्यावर बघा, नाहीतर वाचताना नटाचाच चेहरा समोर येत राहतो. वेगळी वही करून त्यात संक्षिप्त नावं टिपून ठेवा. सोव्हिएत कचेऱ्यांची लांबलचक नावं जोडून केलेले ते शब्द शब्दकोशात सहसा सापडत नाहीत. आणि पाठ करायची असतील तर ओस्तापची वाक्यं प्रसंगासकट पाठ करा.

दोन्ही झाल्या की गोगोलचं १८३६चं ‘इन्स्पेक्टर जनरल’ हाती घ्या. तिथला ख्लेस्ताकोव्ह चुकून बडा अधिकारी समजला जातो, ओस्ताप मुद्दाम तसं समजायला लावतो; त्यांच्यापुढे लगबग करणारे गावचे अधिकारी मात्र शंभर वर्षांनंतरही ओळखीचे वाटतात. एम.ए.ला प्रबंधिकेचा विषय शोधत असाल तर त्या अधिकाऱ्यांपासून सुरुवात करा.