अफगाण गायिका, वादक आणि चित्रकर्तींना इथून मदत कशी करावी

जुलै २०२३ मध्ये हेरातमध्ये तालिबानने वाद्यांची होळी केली. त्यात गिटार होती, हार्मोनियम होती आणि तबलाही होता. ऑगस्ट २०२४ मध्ये ३५ कलमांचा ‘सदाचार’ कायदा आला. त्याच्या १३व्या कलमाने बाईचा आवाजही झाकून ठेवायची गोष्ट ठरवला, तर १७व्या कलमाने सजीवांची चित्रं प्रसिद्ध करायला मनाई केली. म्हणजे आज काबूलमध्ये गाणारी, वाजवणारी किंवा माणसांचे चेहरे रंगवणारी बाई तिच्या रोजच्या रियाजामुळेच गुन्हेगार ठरू शकते.

हे वाचून काहीतरी करावंसं वाटतं आणि घाईत नेमकं चुकीचं केलं जातं: पोस्टरवर फोटो छापला जातो, एक कार्यक्रम होतो, टाळ्या पडतात आणि पुढच्या महिन्यात विषय संपतो. यापेक्षा कमी गाजावाजा करणारी पण टिकणारी मदत करता येते.

आधी ती कुठे आहे ते बघा

मदतीची पद्धत यावरच ठरते. देशाच्या आत असलेल्या बाईसाठी ओळख लपवणं हेच पहिलं काम. पाकिस्तान किंवा इराणमध्ये अडकलेलीला घरभाडं आणि कागदपत्रं यांची चिंता असते. पाकिस्तानने ऑक्टोबर २०२३ मध्ये कागदपत्रं नसलेल्या अफगाणांना देश सोडायला सांगितलं आणि नोव्हेंबरपासून त्यांना परत धाडायला सुरुवात केली, त्यामुळे तिथला तिचा पत्ताही गुपितच समजा. युरोप-अमेरिकेत पोचलेलीला सहसा दया नको असते, काम हवं असतं. डॉ. अहमद सरमस्त यांनी २०१० मध्ये काबूलमध्ये सुरू केलेली राष्ट्रीय संगीत संस्था २०२१ च्या डिसेंबरात पोर्तुगालला हलली. शिक्षक, विद्यार्थी आणि कुटुंबीय मिळून अडीचशेहून अधिक माणसं तिथे गेली. जानेवारी २०१७ मध्ये दावोसला वाजवणारा ‘झोहरा’ हा मुली-बायकांचा वाद्यवृंद याच संस्थेचा.

पैसे पाठवताना

अफगाणिस्तान, पाकिस्तान किंवा इराणमधल्या व्यक्तीला भारतातल्या बँकेतून थेट पैसे पाठवायला गेलात की व्यवहार बहुतेक अडूनच बसतो. मग कुणीतरी हवाल्याचा रस्ता सुचवतो. तो घेऊ नका. भारतात तो परकीय चलन कायद्याचा भंग आहे, आणि पैसे मध्येच बुडाले तर दाद मागायला जागा नाही. शिवाय अफगाणिस्तानात ७२ किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला बाईला पुरुष नातेवाईक सोबत लागतो, अनेक ठिकाणी साध्या कामालाही त्याची अट घातली जाते. पैसे घ्यायला कोण जाणार आणि ते तिच्या हातात पडणार का, हे आधी विचारल्याशिवाय एक रुपयाही हलवू नका. तिथपर्यंत पोचायची व्यवस्था असलेल्या संस्थेमार्फत पाठवणं जास्त सुरक्षित.

परदेशातल्या नोंदणीकृत संस्थेला देणगी द्यायची असेल तर बँकेत ‘लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम’ या परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली द्या. पॅन लागतो, ए-टू फॉर्म भरावा लागतो आणि त्यात कारण ‘देणगी’ असंच लिहावं लागतं. मर्यादा एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची आहे, त्यामुळे आपल्यासारख्यांना ती आडवी येत नाही. देणगीवरची आयकर सवलत मात्र मिळत नाही. छोट्या रकमेवर बँकेचं शुल्क भारी पडतं, म्हणून दरमहा थोडे थोडे पाठवण्याऐवजी तीन-चार महिन्यांचे एकदम पाठवा.

इथल्या ट्रस्टमध्ये वर्गणी गोळा करून ती परदेशी पाठवायचा बेत असेल तर आधी सीएला गाठा. ट्रस्टने भारताबाहेर खर्च केलेली रक्कम खास मंजुरीशिवाय करमाफीत धरली जात नाही. उलट दिशेची चूकही होते. अमेरिकेतल्या मराठी मंडळाने पुण्यातल्या संस्थेकडे पैसे धाडले आणि त्या संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी, नोंदणी नसेल, तर संस्थाच अडचणीत येते. मंडळाने थेट परदेशी संस्थेलाच द्यावेत हे बरं.

ओळख लपवणं: इथे वेळ द्या

बोलायला सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप वापरा. त्यात युजरनेम ठेवून फोन नंबर लपवता येतो. ‘माझा नंबर कोण पाहू शकतं’ या सेटिंगमध्ये ‘कुणीही नाही’ निवडा आणि मेसेज एका दिवसात पुसले जातील असं ठेवा. तपासणी नाक्यावर मोबाइल उघडून बघितला जातो, तेव्हा जुनं संभाषण तिथे नसणं हेच तिचं संरक्षण. तिला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये कधीही घालू नका. ग्रुपमधल्या प्रत्येकाला तिचा नंबर दिसतो.

मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, मोबाइलचं मॉडेल आणि अनेकदा जागेचे अक्षांश-रेखांशही लपलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती बहुतेक गळून पडते, पण चित्र स्पष्ट दिसावं म्हणून तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की सगळी तशीच येते. चित्रांच्या बाबतीत नेमकं हेच होतं. फाइल हातात आली की विंडोजमध्ये तिच्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’, तिथे खाली माहिती काढून टाकायचा पर्याय आहे. फाइलचं नावही बदला, त्यात कित्येकदा तिचंच नाव असतं.

मग चित्र सोडून बाकीचा फोटो बघा. खिडकीतून दिसणारा डोंगर, पडद्याचं कापड, भिंतीवरचं कॅलेंडर यांवरून ओळखीच्या माणसाला घर कळतं. ध्वनिमुद्रणात मागून येणारी अजान किंवा मुलाने मारलेली हाकही तितकीच बोलकी असते. शेवटी प्रत्येक चित्र गूगल लेन्समध्ये टाकून पाहा. २०२१ आधी तिने ते, किंवा त्याच धाटणीचं दुसरं, स्वतःच्या नावाने इंस्टाग्रामवर टाकलेलं असेल तर आता टोपणनावाचा काही उपयोग नाही.

गायिकेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: ती देशात असेल तर तिचा आवाज निनावीही प्रसिद्ध करू नये. चेहरा झाकता येतो, गळा शेजारी ओळखतात. तिच्याकडून शिका, बंदिशी लिहून घ्या, त्याचं मानधन द्या आणि ध्वनिमुद्रण स्वतःजवळ कुलूपबंद ठेवा.

परवानगी प्रत्येक वापरासाठी वेगळी घ्या: बंद खोलीतलं प्रदर्शन, छापील अंक, वेबसाइट, वर्तमानपत्र. प्रदर्शनातलं चित्र उतरवता येतं, पण इंटरनेटवर गेलेलं परत येत नाही हे तिला आधी सांगा. आणि तिने ‘हो’ म्हटलं तरी धोका तुम्हाला दिसत असेल तर थांबा. पैशाची निकड असलेली माणसं ‘नाही’ म्हणायला कचरतात.

चित्रं विकत घ्या, मूळ कॅनव्हास मागवू नका

मूळ चित्र कुरिअरने मागवलं की पाठवणारीचं नाव-पत्ता कागदावर येतो. त्यापेक्षा फोटोवरून इथे प्रिंट काढा. तिला सांगा: फ्लॅश नको, ढगाळ उजेडात खिडकीजवळ, चित्राच्या मागे साधी पांढरी चादर, मोबाइल चित्राला समांतर. ए-थ्री आकाराला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण २४० डीपीआयपर्यंत पोचतो, आणि भिंतीवर लावायला तेवढं पुरतं. त्याहून मोठी प्रिंट काढू नका, रंग फाटतात.

मॅट आर्ट पेपरवर पंचवीसच प्रती काढा आणि त्यांना क्रमांक द्या. समजा एक प्रत ३,००० रुपयांना विकली आणि छपाई-पॅकिंगला ९०० गेले, तर उरलेले २,१०० तिचे. हॉलचं भाडं आणि चहापाणी त्यातून कापू नका, ते आयोजकांनी सोसावं. विषय तिच्यावर सोडा. बुरखा आणि काटेरी तारांची मागणी आपल्याकडून फार होते. तिला डाळिंबं रंगवायची असतील तर डाळिंबं विका.

शिकवणी लावा

परदेशात पोचलेल्या वादकांसाठी हा सगळ्यात चांगला मार्ग, आणि आपल्याकडे त्याची जमीन तयार आहे. १८६० च्या दशकात अमीर शेर अली खान यांच्या दरबारात हिंदुस्थानी कलावंत काबूलला गेले आणि खराबात मोहल्ल्यात त्यांची घराणी रुजली. तिथलं शास्त्रीय संगीत आजही राग, सरगम आणि तबला याच भाषेत बोलतं, आणि रबाब तर सरोदचा पूर्वज मानला जातो. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या सरोद किंवा तबल्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या तासापासून संवाद साधता येतो.

आठवड्याला एक तास, तीन महिने, सहा विद्यार्थी अशी तुकडी ठरवा आणि पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ द्या. पोर्तुगाल हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास असतं, उन्हाळ्यात साडेचार. आपल्याकडच्या रात्री साडेनऊला तिथे संध्याकाळचे चार किंवा पाच वाजलेले असतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तास चुकतात.

झूमवर ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ दोन्हीकडे चालू करा. नाहीतर रबाबाच्या तरफांची, म्हणजे मुख्य तारांसोबत आपोआप झंकारणाऱ्या तारांची, लांबणारी आस झूमला गोंगाट वाटते आणि ते ती कापून टाकतं. सोबत वाजवायचा प्रयत्न करू नका, आवाज उशिरा पोचतो आणि समेवर दोघं भेटत नाहीत. तबलजीने ठरलेल्या लयीत पंधरा मिनिटांचा ठेका मुद्रित करून आधी पाठवावा, तिने त्यावर वाजवावं.

आश्रयाचा अर्ज प्रलंबित असेल तर काही देशांत कमाईला बंदी असते किंवा मिळणारा भत्ता कापला जातो, म्हणून मानधन देण्याआधी तिला तिच्या वकिलाला विचारू द्या. अनिवासी व्यक्तीला संस्थेने मानधन देताना करकपातीचा प्रश्न येतो, तो सीएकडून सोडवून घ्या.

अर्ज आणि पत्रं

नॉर्वेतल्या स्टॅव्हँगरची ‘आयकॉर्न’ धोक्यातल्या लेखक-कलावंतांना यजमान शहरात राहायची सोय करून देते. ओस्लोची ‘सेफम्यूज’ संगीतकारांसाठी काम करते. न्यूयॉर्कचा ‘आर्टिस्ट प्रोटेक्शन फंड’ पाठ्यवृत्ती देतो. अर्ज ती करणार, पण तिच्या दारी भाषेतल्या मजकुराचं नीट इंग्रजी करणं, दहा-पंधरा कामांची एक पीडीएफ बांधणं, घटनांची तारीखवार यादी लावणं, हे तुम्ही करू शकता. तिची ओळखपत्रं पासवर्ड लावून तुमच्याकडे ठेवा, म्हणजे तिच्या मोबाइलवर ठेवावी लागत नाहीत.

शिफारसपत्र लिहिताना तुम्ही कोण, तिला कधीपासून ओळखता आणि तिचं कोणतं काम तुम्ही स्वतः पाहिलं-ऐकलं एवढंच लिहा. धोक्याबद्दल फक्त स्वतःला ठाऊक असलेलंच. कळवळ्यापोटी चढवून लिहिलेलं एक वाक्य पुढे आश्रयाच्या मुलाखतीत तिच्या जबाबाशी जुळत नाही, आणि खोटी ती ठरते. व्हिसाचं आश्वासन कधीही देऊ नका.

ती पुण्या-मुंबईतच असेल तर

पुण्यात अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षं येत आहेत. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि विद्यार्थी व्हिसावर कमाई करता येत नाही. तेव्हा तिकिटं लावून तिची मैफल ठेवण्याआधी व्हिसाच्या अटी वाचा. कॉलेजची फी किंवा वसतिगृहाचं भाडं थेट भरणं सोपं पडतं. आणखी एक: मुंबईतल्या अफगाण वाणिज्य दूतावासावर नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबानने आपला माणूस नेमला. पासपोर्टच्या कामासाठी तिला त्याच दारात जावं लागू शकतं. जाहीर कार्यक्रमात नाव घालायचं की नाही, हे तिने ठरवावं.

उत्तर यायचं थांबलं तर

सप्टेंबर २०२५ च्या शेवटी अफगाणिस्तानात सुमारे ४८ तास देशभर इंटरनेट बंद होतं. त्यामुळे कामाला कडक मुदत लावू नका, आणि दोन दिवसांच्या शांततेने घाबरून फोनवर फोन करू नका. सुरुवातीलाच ठरवून ठेवा: किती दिवस वाट पाहायची, मग देशाबाहेरच्या कोणत्या एका नातेवाइकाला विचारायचं, आणि कोणता शब्द आला तर मोबाइल दुसऱ्याच्या हातात आहे असं समजायचं. तो शब्द आला तर उत्तर देऊ नका, तिचं काम जिथे जिथे लावलंय तिथून त्याच दिवशी उतरवा आणि त्या नातेवाइकाला कळवा.