नवसाक्षरांना वाचनातून लेखन आणि व्याकरण कसं शिकवावं

साक्षरता वर्गात वाचन एकदा मार्गी लागलं की गाडी अडते ती लेखनावर. पाटी वाचता येते, फोनवर आलेला निरोप वाचता येतो, पण उत्तर लिहायची वेळ आली की फोन शेजारच्याच्या हातात जातो. मग शिकवणारा शाळेतली वाट धरतो. फळ्यावर नाम, सर्वनाम, विशेषण, खाली व्याख्या, पुढे पाच उदाहरणं. दिवसभर काम करून आलेली माणसं मान डोलवतात आणि वहीत काहीच बदलत नाही.

प्रौढ माणसाला मातृभाषेचं व्याकरण येत असतं, हे इथे विसरलं जातं. 'डॉक्टरांनी गोळ्या दिल्या' आणि 'डॉक्टरांनी औषध दिलं'. देणारा तोच, तरी क्रियापद बदललं. हा बदल आपण लहानपणापासून, कुणी न शिकवता, बिनचूक करतो. मराठी नव्याने शिकणारा मात्र त्यातच अडखळतो. म्हणजे नियम तोंडात आहे, तो कागदावर कसा दिसतो हे ठाऊक नाही. ते दाखवायची जागा म्हणजे वाचून झालेला मजकूर. आधी वाचायचं, त्यात एकच गोष्ट हेरायची, तसं वाक्य रचून बघायचं आणि मग स्वतःचं लिहायचं.

पायरी १: मजकूर निवडा, किंवा शिकणाऱ्यांकडूनच घ्या

पाच ते आठ छोटी वाक्यं पुरेत. औषधाच्या पाकिटावरची सूचना, रजेचा अर्ज, कुणाला पाठवायचा निरोप, असं कामाचं काहीही चालेल. पण सगळ्यात उत्तम मजकूर वर्गातच मिळतो. एखाद्या ताईंना काल काय झालं ते सांगायला सांगा आणि त्या बोलतील तसं फळ्यावर उतरवा. स्वतःचेच शब्द असल्यामुळे वाचताना अर्थाशी झगडावं लागत नाही, सगळं लक्ष अक्षरांकडे देता येतं.

शिकणाऱ्यांच्या जगण्यातले शब्द घेऊन साक्षरता शिकवायची ही वाट ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांच्यामुळे जगभर माहीत झाली. १९६३ साली ब्राझीलमधल्या अँजिकोस गावात सुमारे ३०० प्रौढांसाठी ४० तासांचे वर्ग त्यांच्या पद्धतीने घेतले गेले. त्यांच्या पद्धतीत 'वीट' यासारखा रोजच्या कामातला शब्द घ्यायचा, त्यावर आधी गप्पा मारायच्या आणि मग त्याची अक्षरं सुटी करायची. आपल्याला तोच धागा शब्दापाशी न थांबता वाक्यापर्यंत न्यायचा आहे.

बोली आली तर काय करायचं? ताई 'म्या गेले व्हते' म्हणाल्या, तर आधी तसंच लिहा. नंतर शेजारी 'मी गेले होते' लिहा आणि सांगा, की बोलताना हे, अर्जात ते. पहिल्या वाक्याला 'अशुद्ध' म्हणू नका. पन्नाशीतल्या माणसाला त्याचं बोलणंच चूक आहे असं सांगितलं, की तो पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

मजकूर जमेल का याची साधी परीक्षा आहे. वाचताना दहा शब्दांत एकापेक्षा जास्त शब्द अडत असतील, तर तो मजकूर सध्या फक्त वाचायला ठेवा. व्याकरणासाठी सोपा घ्या.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी हा नमुना धरू:

'काल शाळेतून बाईंचा फोन आला. मुलीला ताप आला होता. मी कामावरून लगेच निघाले. माझी बहीण शाळेजवळ राहते. मी बहिणीला फोन केला. ती आधी पोचली. आम्ही मुलीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि औषध दिलं.'

पायरी २: आधी अर्थ

एकदा तुम्ही वाचा, एकदा सगळ्यांनी मिळून वाचा, एकदा एकेकाने. मग फळा झाकून कुणाला तरी गोष्ट सांगायला लावा. आधी कोण पोचलं, बहीण का आई? याचं उत्तर चटकन आलं की पुढे जा. अर्थ डोक्यात बसलेला नसताना व्याकरणाला हात घालू नये.

पायरी ३: एकच गोष्ट हेरा

खरी शिकवणी इथे आहे, तेव्हा घाई नको.

चुका दोन जातीच्या असतात. काही कानाने पकडता येतात: शब्द गाळला, क्रियापद जुळलं नाही, वाक्य अर्धवट राहिलं. लिहिलेलं मोठ्याने वाचलं की लिहिणाऱ्यालाच खटकतं. दुसऱ्या जातीच्या चुका डोळ्याच्या. 'बहीण' आणि 'बहिण' बोलताना जवळजवळ सारखेच ऐकू येतात. 'श' आणि 'ष' यांतला फरकही बहुतेकांच्या उच्चारात उरलेला नाही. अशा ठिकाणी 'नीट ऐका आणि लिहा' हा सल्ला निरुपयोगी आहे. तो शब्द डोळ्यांखालून पुन्हा पुन्हा जायला हवा, आणि ते वाचनानेच होतं.

वरच्या मजकुरातून तीन वेगवेगळे पाठ निघतात. ते तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या.

पहिला पाठ शेवटच्या वेलांटीचा. ज्या शब्दांच्या शेवटी वेलांटी आहे ते सगळे शोधायला सांगा. मी, माझी, ती, आधी, पोचली, आम्ही, डॉक्टरांनी. वेलांटी पहिली की दुसरी? सगळीकडे दुसरी. मग कुणीतरी 'आणि'वर बोट ठेवतं, तिथे पहिली आहे. छान, त्यांनीच अपवाद शोधला. शब्दाच्या शेवटी वेलांटी दुसरी, 'आणि' मात्र वेगळा. नवसाक्षराला रोज भेटणारा अपवाद तेवढाच. 'तथापि'सारखी मंडळी अर्जाच्या भाषेत भेटतील तेव्हा बघू. कमी श्रमात सर्वांत जास्त चुका या एका नियमाने कमी होतात, म्हणून मी हाच आधी घेईन.

दुसरा पाठ शब्द जोडून लिहिण्याचा. नवसाक्षरांच्या वहीत 'शाळे तून', 'कामा वरून', 'डॉक्टरां कडे' असं हमखास सापडतं. मजकुरातला 'शाळेतून' दाखवा आणि विचारा, नुसतं 'शाळे' असं आपण कधी बोलतो का? नुसतं 'तून'? नाही ना? मग जो तुकडा एकटा बोलता येत नाही, तो एकटा लिहायचा नाही. सामान्यरूप, विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यय ही नावं न घेता तिघांचंही काम होतं. ही चाचणी 'नदीवर'सारख्या शब्दात फसते, कारण 'नदी' एकटी चालते आणि 'वर'ही. तिथे वाद घालत बसू नका. हे जोडूनच लिहायचं, असं सरळ सांगा.

तिसरा पाठ 'बहीण' आणि 'बहिणीला' यांचा. मजकुरात दोन्ही आहेत, एकाखाली एक लिहा आणि फरक विचारा. काही जणांना तो लगेच दिसत नाही, थांबा. दिसला की जुन्या वाचनातून तशाच जोड्या गोळा करायला सांगा: फूल-फुलाला, मूल-मुलाला, वकील-वकिलाला, गरीब-गरिबांना. चार-पाच जोड्या झाल्या की नियम त्यांच्याकडूनच येतो. मागे काही जोडलं, की मधली दुसरी वेलांटी पहिली होते, उकाराचंही तसंच. पुढे कधीतरी 'शरीर-शरीराला' निघेल आणि नियम मोडल्यासारखा वाटेल. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत. अशांसाठी वहीत वेगळं पान ठेवा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम १९६२ साली ठरले आणि १९७२ साली त्यांत आणखी ४ जोडले गेले. ते शिकवणाऱ्याने वाचून ठेवावेत. वर्गात १८ नियम एकामागून एक म्हणून दाखवू नयेत.

'दिलं' लिहायचं की 'दिले' हा प्रश्न येईलच. निरोपात 'दिलं' चालतं, अर्जात 'दिले' बरं. एका मजकुरात एकच ठेवायचं, एवढं पुरे.

पायरी ४: वाक्य हाताळा

नियम दिसला म्हणून तो लगेच हातात उतरत नाही. मध्ये वाक्यांशी खेळायला लागतं.

कागदाच्या पट्टीवर एक वाक्य लिहा, शब्द कापून सुटे करा, गोंधळ करा आणि पुन्हा लावायला द्या. कात्री शब्दाच्या मध्ये चालवू नका. 'शाळे' आणि 'तून' वेगळे कापले, तर जे मोडायला निघालो तेच शिकवल्यासारखं होईल.

मग एक शब्द बदला. 'मी कामावरून लगेच निघाले' यात 'मी'च्या जागी 'आम्ही' ठेवा, 'तो' ठेवा. शेवटचा शब्द बदलतो हे तोंड आपोआप सांगतं, हात ते लिहून घेतो.

आणि सर्वांत उपयोगाचं म्हणजे वाक्यं जोडणं. 'मुलीला ताप आला होता. मी लगेच निघाले.' ही दोन वाक्यं एक करा. कुणी 'म्हणून' घालेल: 'मुलीला ताप आला होता, म्हणून मी लगेच निघाले.' आता 'कारण' घालून बघा. वाक्यांची अदलाबदल करावी लागते: 'मी लगेच निघाले, कारण मुलीला ताप आला होता.' दोन्ही फळ्यावर ठेवा आणि कुठलं बरं वाटतं ते विचारा. माणसं तावातावाने बोलायला लागतात. व्याकरणावर चाललेला वर्ग असा दिसतो.

वाक्यजोडणीला संशोधनाचाही आधार आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली लेखन शिकवण्याच्या पद्धतींवरचे अभ्यास एकत्र तपासले. त्यात वाक्यजोडणीने लेखन सुधारल्याचं दिसलं, सुट्या व्याकरणपाठांनी सुधारल्याचं दिसलं नाही. हे अभ्यास इयत्ता चौथी ते बारावीच्या मुलांवरचे आहेत, त्यामुळे प्रौढांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण वर्गातला अनुभव त्याच दिशेचा आहे.

पायरी ५: स्वतःचं लिहा

तीन वाक्यं. पान भरायची सक्ती नको. इतक्या वर्षांनी पेन धरलेला हात दहा मिनिटांत दुखायला लागतो. एक ओळ सोडून लिहायला सांगा. एखादा शब्द अडला तर जेवढी अक्षरं येतात तेवढी लिहायची, बाकी रेघ ओढून पुढे जायचं. नाहीतर प्रत्येक शब्दाला 'हे कसं लिहू?' असं विचारलं जातं आणि सांगायचं होतं ते निसटतं. कुणाला फोनवर लिहायचं असेल तर लिहू द्या. फक्त फोनने सुचवलेला शब्द बरोबरच असतो असं नाही, हे आधी सांगून ठेवा. सगळे लिहीत असताना तुम्हीही लिहा. वर्गभर फिरून वह्यांत डोकावू नका.

याच्या जोडीला एक वही दोघांत फिरती ठेवा. शिकणाऱ्याने तिच्यात दोन वाक्यं लिहायची, तुम्ही त्याच वहीत उत्तर द्यायचं, पत्रासारखं. समजा, मावशींनी लिहिलं:

'माझी बहिण आलि. ति आजारि आहे.'

तुमचं उत्तर असं:

'तुमची बहीण आली हे बरं झालं. ती कधीपासून आजारी आहे?'

एकाही अक्षरावर रेघ नाही, पण चारही शब्द नीट लिहिलेले त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. उत्तर त्यांच्या बहिणीबद्दल असल्यामुळे त्या ते दोनदा वाचणार. पुढच्या उत्तरात बहुधा एखादा शब्द सुधारलेला येतो, कधी येतही नाही.

पायरी ६: तपासताना हात आखडता घ्या

लाल पेन बाजूला ठेवा. आधी लिहिलेल्या गोष्टीवर बोला: मुलगी आता बरी आहे का? मग लिहिणाऱ्यालाच मोठ्याने वाचायला लावा. कानाच्या चुका तिथेच सापडतात. पूर्णविरामही असाच कळतो. जिथे आवाज खाली येतो, तिथे टिंब.

डोळ्याच्या चुकांपैकी या आठवड्यात जी गोष्ट हेरली तेवढीच पकडा. शेवटच्या वेलांटीचा पाठ झाला असेल, तर 'शाळे तून'कडे आज काणाडोळा करा. चूक दुरुस्त करून देऊ नका, मजकुराकडे बोट दाखवा: 'सहाव्या वाक्यातलं ती बघा बरं.' शोधून स्वतः खोडलेलं जास्त टिकतं.

श्रुतलेखन घ्यायचं तर वाचून, हाताळून झालेल्या मजकुराचंच घ्या. न पाहिलेल्या मजकुराचं श्रुतलेखन ही परीक्षा झाली, त्यात कुणी काही शिकत नाही.

एकाच वर्गात कमी-जास्त येणारे असतील, तर मजकूर सगळ्यांना एकच ठेवून काम वेगळं द्या. एकाने दोन वाक्यं बघून लिहावीत, दुसऱ्याने गाळलेले शब्द भरावेत, तिसऱ्याने डॉक्टरांकडून घरी आल्यावर काय झालं ते लिहावं.

नियम बसला का, हे विचारून कळत नाही. फिरत्या वहीत, त्या नियमाचा विषयही नसताना, 'बहिणीला' बरोबर लिहून आलं की समजा बसला. तोवर पुढच्या मजकुरांत तीच जोडी पुन्हा भेटेल असं बघा. नाम, क्रियापद ही नावं सांगायची असतील तर त्यानंतर सांगा. परीक्षेला बसणाऱ्यांना ती लागतात, बाकीच्यांचं त्यांच्यावाचून काही अडत नाही.