परदेशातल्या लॅबचं लॉगिन: सहा आकडी कोड सारखा 'चुकीचा' येत असेल तर

जर्मनीत तीन महिन्यांच्या रिसर्च इंटर्नशिपचा पहिला दिवस. पासवर्ड बरोबर, पण ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड टाकला की 'कोड चुकीचा'. दर ३० सेकंदांनी नवा कोड, दरवेळी तेच उत्तर.

आधी ॲप काढून पुन्हा टाकलं. मग हेल्पडेस्कने खातं रिसेट केलं, नवा क्यूआर कोड स्कॅन केला, तरी तेच. दुपारपर्यंत अक्षरशः रडू यायचं बाकी होतं.

शेवटी लॅबच्या गेस्ट वायफायवरून ऐरोलीला दादाला व्हिडिओ कॉल केला. त्याने एकच विचारलं, "अगं, घड्याळ हाताने बदललंस का?" बदललं होतं! ठाण्याचं सिम बंद, म्हणून विमानातून उतरल्यावर मीच काटे साडेतीन तास मागे घेतले; टाइम झोन मात्र भारताचाच, जीएमटी +५:३०. हे कोड जागतिक वेळेवरून तयार होतात, त्यामुळे माझा फोन साडेतीन तास जुने कोड दाखवत होता.

मग याच क्रमाने केलं: फोन वायफायला जोडला. सेटिंग्जमध्ये 'डेट अँड टाइम' उघडून ऑटोमॅटिक टाइम चालू केला. टाइम झोन आपोआप बदलला नाही (सिम नसलं की असं होऊ शकतं), म्हणून तेवढा हाताने बर्लिन निवडला. ॲप बंद करून उघडलं, चालू कोड संपू दिला आणि नवा कोड टाकला. पहिल्याच फटक्यात लॉगिन झालं.

आयफोनवर हेच 'जनरल'मध्ये सापडेल.