मासे जगले म्हणजे पाणी चांगलं? केमिकलचा धोका मोजताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लेटिंगवाल्याने (धातूवर जस्ता-तांब्याचा मुलामा चढवणाऱ्याने) मला एकदा बादली दाखवली. ईटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतून, निघालेलं पाणी आणि त्यात दोन चिलापी. "काल रात्री सोडल्यात. बघा की वो सर, कशी खेळायलेत!"

चिलापी गटारातही जगते, आणि एक रात्र म्हणजे काही चाचणी नव्हे. माशांवरची प्रमाणित चाचणी ९६ तासांची असते. ज्या प्रमाणात निम्मे मासे मरतात तो आकडा म्हणजे एलसी५०. पण माशांवर थांबणं हीच पहिली चूक. डाफ्निया, म्हणजे डबक्यात टुणटुण उड्या मारणारी पाणपिसू (४८ तास), आणि शेवाळ (७२ तास) हे आकडेही हवेतच. पाण्यात तांबं किंवा जस्त असेल तर बहुतेक वेळा माशांआधी हीच मान टाकतात. मग माशांची पिल्लं खाणार काय?

हे आकडे एसडीएसच्या, म्हणजे केमिकलसोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या, १२व्या भागात असतात. शीट इंग्रजीत, प्रदूषण नियंत्रण मंडळाची पत्रं कन्नडात आणि शॉपफ्लोअरवरचं बोलणं मराठीत, त्यामुळे आपल्याकडे तो भाग कोरा करकरीतच राहतो. वाचलाच तर उलटा वाचतात. एलसी५० जितका लहान, तितकं विष जहाल. लिटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर धोक्याचा सगळ्यात वरचा वर्ग. एकक मिलिग्रॅम आहे की मायक्रोग्रॅम, तेही बघा. आणि 'माहिती उपलब्ध नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा लावू नका.

पुढची चूक मी स्वतः केली आहे. एका शॉपमध्ये अमोनियम क्लोराइडचा ॲसिड झिंक बाथ (जस्ताचा मुलामा चढवायची द्रावणाची टाकी) होता. धुण्याच्या पाण्यातलं जस्त खाली बसवायला चुना घालून पीएच ९ वर नेला. रिपोर्टमध्ये जस्त ५ मिलिग्रॅमच्या मर्यादेत आलं, आम्ही खूश. चार दिवसांनी नाल्याच्या डोहात बारके मासे पोट वर करून तरंगत होते. जस्त धरलं, पण अमोनिया मोकळा सोडला होता. अमोनियाचं सगळंच रूप माशांना सारखं मारत नाही, मारतो तो मुक्त अमोनिया. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना तो एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, ८ ला साधारण ५ टक्के आणि ९ ला थेट ३५ टक्क्यांच्या वर. म्हणजे पीएच ७ च्या मानाने तेच पाणी आम्ही चुना घालून साठपट विषारी केलं होतं!

आता गाळ बसवून, गाळून घेतल्यावरच पीएच ७ ते ७.५ वर आणतो. गाळण्याआधी आणला तर बसलेलं जस्त परत विरघळतं. अमोनिया वेगळा तपासतो. शिवाय अमोनिया जस्ताला धरून ठेवतो, सगळं बसूच देत नाही, म्हणून जमेल तिथे पोटॅशियम क्लोराइडचा बाथ बरा.

धातूंच्या बाबतीत पाणी जड की मऊ, यानेही फरक पडतो. बोअरच्या जड पाण्यात घेतलेली चाचणी दिलासा देते, पण घाटातल्या कणकुंबीकडच्या ओढ्यांचं मऊ पाणी तसं सांभाळून घेत नाही.

राहिलं नदीत पातळ होण्याचं गणित. ऑगस्टची दुथडी मार्कंडेय नदी डोळ्यांसमोर ठेवून ते करू नका, मे महिन्यातली धरा. तिन्ही चाचण्यांतला सगळ्यात लहान आकडा घ्या आणि सुरक्षिततेसाठी त्याला १००० ने भागा. समजा तो २ मिलिग्रॅम असेल, तर नदीत लिटरला २ मायक्रोग्रॅमच्या आत राहायला हवं. हा हिशेब त्या प्लेटिंगवाल्याला कागदावर करून दाखवला, तेव्हा तो बराच वेळ बादलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ते डाफ्निया कुठं मिळतंय वो?"