मानेला गाठ आली? आधी या चुका थांबवा

मी पॅथॉलॉजिस्ट, मानेतल्या गाठीत सुई घालणं हे माझं रोजचं काम, आणि पेशंट माझ्यापर्यंत पोचेपर्यंत त्या गाठीवर शेक, लेप, तीन प्रकारच्या अँटिबायोटिक असं सगळं होऊन गेलेलं असतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते स्टिरॉइडमुळे. एक कॉलेजचा पोरगा आला होता, हासळीच्या हाडाच्या (कॉलरबोनच्या) लगेच वर रबरासारखी गाठ, रात्री घामाने अंथरूण भिजायचं, वजन उतरलेलं. कुणीतरी 'सूज उतरायची गोळी' दिली, म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, गाठ बसली, घरचे खूश. गोळ्या थांबल्या, गाठ परत आली ती मोठी होऊन. पुन्हा त्याच गोळ्या! मग माझ्याकडे. सुईत निम्म्या मेलेल्या पेशी, काय सांगणार? पहिली बायोप्सीही वाया गेली. शेवटी गोळ्या बंद ठेवून, वाट बघून, अख्खी गाठ काढली तेव्हा लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर निघाला. लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडने मरतात, पण आजार जात नाही, फक्त पुरावा जातो. हासळीच्या लगेच वरची गाठ तर कितीही बारीक असो, थांबायचंच नाही.

दुसरं, फॉर्मालिन. गाठ काढली की सगळी या तुकडा टिकवणाऱ्या द्रवाच्या बाटलीत टाकतात. अहो, आपल्याकडे मानेतल्या गाठीत टीबीचा संशय पहिल्यापासून धरावा लागतो, आणि फॉर्मालिनमध्ये जंतू मेले की कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं, होत नाही. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का हे जीनएक्सपर्ट या जनुकीय तपासणीवर बघायलाही ताजा तुकडा लागतो. म्हणून मी ऑपरेशनआधी नातेवाइकांनाच सांगून ठेवते, दोन बाटल्या, एकीत फॉर्मालिन, दुसरीत साधं सलाइन, आणि सलाइनवाली त्याच दिवशी लॅबला.

बाकीचं पटापट. सुई घातल्याने कॅन्सर पसरतो ही भीती सोडा. दिवसातून दहा वेळा गाठ चाचपू नका, त्याने ती दुखायला लागते. खोकला-ताप नसला तरी गंडमाळ, म्हणजे मानेतल्या गाठींचा टीबी, असू शकते. टीबीचं गळू चिरा देऊन फोडू नका, जखम महिनोन्महिने वाहते, पू सुईने काढतात. तपासणीआधी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक नको, ते टीबीवरही चालतं त्यामुळे निदान लांबतं. टीबीच्या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये मध्येच गाठ वाढली तर डॉक्टरांना दाखवा, गोळ्या मनाने बंद करू नका. लहान मुलांच्या मानेत बारीक, हलणाऱ्या गाठी हाताला लागतातच, आधी उवा, डोक्यातले फोड आणि किडके दात बघा. पण दोन-तीन आठवड्यांत न बसणारी, 1 सेंटीमीटरपेक्षा मोठी गाठ दाखवायचीच.

तंबाखूवाले, चाळिशीच्या पुढचे, कडक न हलणारी गाठ असेल तर ती कापायची घाई नको, आधी कान-नाक-घसावाल्यांकडून तोंड आणि घसा दुर्बिणीने बघून घ्या.

आणि येताना गोळ्यांच्या स्ट्रिप आणा, 'छोटी पांढरी गोळी होती' एवढ्यावरून मला काहीही कळत नाही.