कारखान्यातल्या कॉम्प्युटरवरचं गिम्प घरच्या स्क्रीनवर

चादरीचा जॅकार्ड ग्राफ, म्हणजे विणायच्या नक्षीचा चौकोनी आराखडा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कॉम्प्युटरवर आणि रात्री दहाला तुम्ही जुळे सोलापुरात घरी. काठावरच्या फुलाचे चारच चौकोन बदलायचे राहिलेत. तिथे लिनक्स असेल तर गाडी काढू नका. एसएसएच म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरशी सुरक्षित जोडणी. तिच्यातून गिम्प या चित्रांच्या प्रोग्रॅमची खिडकी घरी आणता येते. प्रोग्रॅम तिथेच चालतो, फाइलही तिथेच राहते.

आधी कारखान्यातली तयारी. ओपनएसएसएच सर्व्हर आणि एक्सऑथ ही दोन पॅकेजं टाका. मग ईटीसीतल्या एसएसएच फोल्डरमधली ‘एसएसएचडी कॉन्फिग’ फाइल उघडा. ‘एक्स११ फॉरवर्डिंग’पुढे ‘यस’ हवं आणि ओळीच्या सुरुवातीला हॅश नको. शेजारीच ‘डी’ नसलेली, अगदी तशाच नावाची फाइल असते. मी एकदा संध्याकाळभर तीच बदलत बसलो होतो. शेवटी एसएसएचची सर्व्हिस रीस्टार्ट करा.

घरी लिनक्सचा डेस्कटॉप असेल तर वेगळं काही लागत नाही. तिकडची खिडकी दाखवायला विंडोजवर मोबाएक्सटर्म, मॅकवर एक्सक्वार्ट्झ टाका. इथे भले भले गोंधळतात, कारण एक्सच्या, म्हणजे लिनक्समध्ये खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेच्या, भाषेत सर्व्हर म्हणजे ज्याच्याकडे स्क्रीन आहे तो, म्हणजे तुमचा घरचा कॉम्प्युटर. कारखान्यातलं गिम्प हे त्याचं गिऱ्हाईक.

आता जोडणी. घरच्या टर्मिनलमध्ये एसएसएच लिहा, जागा सोडा, वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून कॅपिटल एक्स. पुढे नेहमीसारखं युजरचं नाव, ॲट आणि पत्ता. एक्स कॅपिटलच हवा, स्मॉल एक्सने हीच सोय बंद होते. आत गेल्यावर, खिडकी कुठे दाखवायची ते सांगणाऱ्या ‘डिस्प्ले’ या व्हेरिएबलची किंमत एको कमांडने छापून बघा. लोकलहोस्ट, कोलन, १०.० असं काहीसं दिसलं की जमलं. रिकामं आलं तर एक्सऑथ आणि ‘एक्स११ फॉरवर्डिंग’ची ओळ पुन्हा तपासा, पण डिस्प्लेची किंमत हाताने भरू नका. तसं केलं तर खिडकी एसएसएचच्या सुरक्षित वाटेने न येता उघड्यावरून यायला बघते. मग गिम्प लिहून एंटर मारा.

राउटरवर २२ नंबरचा पोर्ट जगासाठी उघडा ठेवू नका. बाहेरून यायचं तर वायरगार्डचं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधली खासगी वाट, लावा. आणि खिडकी आणायची ही सोय फक्त विश्वासातल्या कॉम्प्युटरसाठीच वापरा. तिकडच्या मशीनवर कुणी घुसलेला असेल तर तुम्ही घरी टाइप केलेले पासवर्डही तो वाचू शकतो.

नेट संथ असेल तर कमांडमध्ये वजा आणि कॅपिटल सी जोडा, डेटा आवळून येतो. तरीही मोठी डिझाइन झूम करताना अडखळतेच. खरं दुखणं वेगळं आहे. लाइन तुटली की तिकडचा प्रोग्रॅमही बंद पडतो. वळवाच्या एका संध्याकाळी माझं अर्ध्या तासाचं काम असंच गेलं. तेव्हापासून दर दोन-चार चौकोनांनंतर सेव्ह करतो आणि लांबलचक कामाला एक्सप्रा हा प्रोग्रॅम वापरतो. त्यात लाइन गेली तरी गिम्प तिकडे चालूच राहतं. पुन्हा जोडलं की खिडकी होती तशी समोर येते.