प्रवाळावरच्या लाटेकडे जाण्याआधी

तारकर्लीच्या वाळूवर तीन हंगाम सर्फिंग शिकल्यानंतर मी लिटल अंदमानमधील कुमारी पॉइंटला गेले, तेव्हा बोर्डवर उभे राहणे आणि पाणी ओळखणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे पहिल्याच सकाळी कळले. वाळूचा तळ हळूहळू उथळ होत जातो, त्यामुळे लाटेचे बळ वाटेतच ओसरते. प्रवाळाच्या खडकावर मात्र खोल समुद्रातले पाणी एकाएकी उथळावर चढते आणि लाट ताठ उभी राहून कोसळते. उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की लाट फुटते, म्हणजे दीड मीटरची लाट दोन मीटरांहूनही कमी पाण्यात आपल्याला खाली फेकते. (विजयदुर्गासमोर खोल समुद्रात असलेल्या ‘आंग्रिया बँक’ या पाण्याखालच्या उंचवट्यावर प्रवाळ असूनही लाट का फुटत नाही, हेही त्यातूनच उलगडते: तिचा माथा सुमारे २० मीटर खोल आहे.)

माझी चूक भरतीच्या हिशेबात झाली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा वाजता, हा आजोबांचा ठोकताळा मी तिथेही लावला. पण तो आपल्या किनारपट्टीचा आहे, अंदमानचा नाही. भरती समजून मी ओहोटीच्या पाण्यात उतरले आणि पाठ सोलवटून बाहेर आले. त्यामुळे त्या ठिकाणचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत, आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राच्या अंदाजात लाटेच्या उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही पाहावेत, कारण त्याच उंचीची १४ सेकंदांची लाट ८ सेकंदांच्या लाटेपेक्षा बरीच जोरकस असते.

उतरण्यापूर्वी तासभर किनाऱ्यावर बसावे. मोठ्या लाटा झुंडीने येतात, मध्ये उसंत असते, आणि जिथे फेस उठत नाही ती बहुधा खोल वाट असते; ये-जा तिथूनच करावी. पडताना सूर मारू नये, अंग पसरून पडावे, पाय टेकवू नयेत आणि वर येताना हातांनी डोके झाकावे. बोर्डला पायाशी जोडणारी दोरी तुटल्यास पोहत परतण्याची खात्री नसेल, तर मालवणच्या खडपांजवळ, जाणकार सोबतीला घेऊन, आणखी एक हंगाम काढणे बरे.

पोवळ्याचे कण जखमेत राहिले तर ती चिघळते; गोड्या पाण्याने आणि साबणाने कण घासून काढावेत, मग जंतुनाशक लावावे. हे सामान घरूनच न्यावे. खाऱ्या पाण्यातल्या मगरींबद्दल मात्र तिथल्या लोकांनाच विचारावे, आणि ते नको म्हणाले तर उतरू नये.